इस्त्रीवाल्या मावशींचे मोजे

चौकातल्या इस्त्रीच्या दुकानातल्या मावशींच्या हातून बिनइस्त्रीचं काही सुटेल, तर शपथ! गिऱ्हाइकांचे शर्ट सोडाच, घरातली फडकीसुद्धा कडक घडीत. नवऱ्याचा हातरुमाल तर असा, की नाक पुसायला बिचारा दहादा विचार करायचा.

उभ्याउभ्या निम्मी हयात गेली आणि पायांवर निळ्या शिरा टरारून वर आल्या. वय झालं, चालायचंच, असं म्हणत मावशींनी तिकडे काणाडोळा केला. मग घोट्याजवळ जखम झाली, ती काही केल्या भरेना. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की शिरांमधल्या झडपा सैल पडल्यात, वर चढायचं रक्त पायातच साचतं. मलमपट्टी केली आणि गुडघ्यापर्यंतच्या घट्ट मोज्यांचे दोन जोड दिले. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी चढवायचे. जखम भरली तर ठीक, नाहीतर उभ्याचं काम बंद.

मावशींना एवढी धमकी पुरली. टेबलामागे उभ्या असल्या की त्या दुकानाच्या मालकीणबाई, आणि खाटेवर बसल्या की नुसती दुखणाईत म्हातारी. त्यामुळे मोज्यांत हयगय नाही. रोज सकाळी नवरा घामाघूम होऊन ते चढवायचा. मग हळूहळू ते सहज चढायला लागले. दोघं खूश! पण सूज मात्र वाढतच गेली.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, या मोजे फक्त दवाखान्यात येताना चढवतात. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. मावशींचा पारा चढला. पिशवीतून दुसरा जोड काढून त्यांनी टेबलावर आपटला.

"रोज धुऊन, इस्त्री करून घालते मी."

डॉक्टरीणबाईंनी मोजा ताणला. तो ताणलेला तसाच राहिला. मधोमध सुरेख, सरळ घडी.

"मावशी, इस्त्रीनं यातलं रबर मेलं हो."

आपल्याच हातानं आपण घात केला, म्हणून मावशींना रडू कोसळलं. नवरा खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता. घरी गेल्यावर त्याला जे ऐकावं लागलं, ते सांगण्यासारखं नाही.

नवे मोजे सावलीत वाळू लागले. त्यांच्या सुरकुत्या बघून मावशींचे हात शिवशिवायचे, पण त्यांनी दम धरला. दुपारी उशीवर पाय ठेवून पडू लागल्या. जखम भरली.

आता मोजे कधी सुटणार, हे त्यांनी विचारलंच.

"सुटणार नाहीत, मावशी. हे कायमचं जात नाही. रोज सांभाळायचं."

नवऱ्याचा चेहरा उतरला. मावशींनी पायातल्या मोज्याची सुरकुती बोटानं सरळ केली.

"मग शर्टाचं तरी काय वेगळं आहे? आज इस्त्री केली म्हणून उद्या चुरगळायचा राहतो का?" असं म्हणून त्या उठल्या, कारण दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं.