‘आमदाराले पत्र’ : पहिला आणि दुसरा प्रयोग

कुरखेड्याच्या पुढं, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथं बेहडटोला नावाचं गाव आहे, आणि त्या गावात मुखरू भोयर नावाचा एक गळा आहे. गळ्याच्या खाली माणूसही आहे, पण पंचक्रोशी त्याला ओळखते ती गळ्यावरूनच. दिवाळी सरून धान कापणी आटोपली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, वडशाहून नाटक कंपन्या निघतात, आणि आज कुठल्या गावात कुठलं नाटक आहे ते आजूबाजूच्या गावांना ओरडून सांगायचं काम मुखरूचं. ऑटोच्या टपावर भोंगा, मांडीवर बॅटरी, हातात माईक. उभा जन्म यात गेल्यामुळे त्याला आता साधं बोलणं जमत नाही. बायकोकडे पाणी मागायचं तरी तो आधी छाती भरून घेतो. मयतीची खबर द्यायला त्याला कोणी पाठवत नाही. एकदा पाठवलं होतं, तर मेलेला म्हातारा कोणत्या भूमिकेत होता असं लोक विचारू लागले.

या मुखरूची नात दिव्यानी. आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेले, म्हणून पोर आजा-आजीकडे. गावची शाळा चौथीपर्यंत आणि दिव्यानी चौथीत. जूनमध्ये तिला कुरखेड्याच्या वसतिगृहात धाडायचं ठरलं होतं. पोरीनं तिथं जायच्या आधी नीट वाचायला शिकावं, एवढीच मुखरूची देवाकडे मागणी होती, आणि ती मान्य झाली आहे अशी त्याची खात्री होती. कारण दिव्यानी घडाघड वाचायची. शाळेच्या मोबाइलवर तिचा वाचतानाचा व्हिडिओ होता. तालुक्याच्या साहेबांनी त्यावर शाबासकीचा अंगठा पाठवला होता.

यंदाच्या हंगामाच्या सुरुवातीलाच मुखरूचा चष्मा फुटला. त्याच दिवशी ‘सून निघाली वकील’ या नव्या नाटकाचं पत्रक आलं. त्यानं ते नातीच्या हातात दिलं. पोरीनं पत्रक समोर धरलं आणि गोड सुरात वाचलं, “सुट्टी लागली. मामा गाडी घेऊन आला. गाडीला घुंगरू होते. मामा म्हणाला, चला पोरांनो, बसा.”

मुखरूला कथानक थोडं हलकं वाटलं, पण कंपनीच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं? त्यानं ऑटो काढला आणि चार गावांत ठणकावून सांगितलं, “रसिक मायबापहो! येत आहे मामा! घेऊन येत आहे गाडी! गाडीला असतील खरेखुरे घुंगरू!” त्या प्रयोगाला शेवटच्या पडद्यापर्यंत मामा आला नाही. लोकांनी खुर्च्या फेकल्या. कंपनीच्या मॅनेजरनं मुखरूला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर मुखरूनं आगपेटी पुढं केली. “हे वाच.” पोरीनं वाचलं, मामा गाडी घेऊन आला. खताची चुंगडी दाखवली, तिच्यातूनही मामाच निघाला. रेशनकार्ड, दिनदर्शिका, औषधाची बाटली, कुठंही बोट ठेवलं तरी मामा गाडीत बसून हजर. बायको गुणाबाई चुलीपुढून म्हणाली, “अवं, आता पुरे करा. पोट्टीले वाचताच येत नाई, एवढं समजून नाई राह्यलं का तुमाले?” मुखरू त्या रात्री जेवला नाही.

सकाळी तो शाळेत गेला. वर्गात पोरं होती, धनराज सर नव्हते. ते पटांगणातल्या मोहाच्या झाडावर होते. गावात नेटवर्क फक्त त्या झाडाच्या तिसऱ्या फांदीवर येतं, आणि तालुक्याला रोज काही ना काही माहिती पाठवावी लागते. शाळेतले दुसरे मास्तर तालुक्यालाच कामगिरीवर होते. तिथं बसून ते धनराज सरांना माहिती मागायचे.

“सर, माह्यी पोरगी सगळीकडं एकच पाठ वाचून राह्यली,” मुखरू खालून म्हणाला.

“तोच बसवला हाय, भाऊ,” सर वरून म्हणाले. “दर शनवारी वाचनाचा व्हिडिओ मांगतात. चार वर्ग अन् मी एकटा. एक पाठ पक्का करून घेतला. मस्त येते व्हिडिओ.”

“अन् बाकीचे पाठ?”

“त्याची माहिती नाई मांगत कोणी.”

“मंग शाळा तपासाले कोणी येत नाई का?”

“तपासणी होते नं. साहेब फोटो पाह्यतात अन् समाधानकारक म्हणून शेरा देतात. मतदानाच्या दिवशी शाळा बंद होती, तईही समाधानकारकच आला.” असं म्हणून धनराज सरांनी डोळे पुसले. ते घाम पुसत होते की आणखी काही, हे खालून दिसलं नाही. माणूस वाईट नव्हता. त्याला झाडावर चढवून ठेवलं होतं, एवढंच.

गावातली संघप्रिया गडचिरोलीला वकिलीचं शिकते आणि रविवारी घरी येते. बौद्धवाड्यातली ही पोरगी बोलायला फटकळ, पण डोकं ठिकाणावर. मुखरूनं तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, “बाई, शाळा तपासणाऱ्याले कोण तपासते?”

“विधानसभा तपासते. आपला आमदार तिथी उभा राहून विचारू शकते, का बाबा तुमी तपासलं म्हणजे काय केलं? आता नागपूरले हिवाळी अधिवेशन होऊन राह्यलं. पण आमदाराले स्वप्न पडणार हाय का? आपण लिहिलं पाह्यजे. एकानं लिहिलं तं तक्रार होते, मुखरूभाऊ. गावंच्या गावं लिहितील तं त्याले प्रश्न विचारावाच लागते.”

“मंग लिहू.”

“पण गावागावात सांगन कोण?”

यावर मुखरूनं छाती भरून घेतली. संघप्रियेनं तेव्हाच त्याला अडवायला हवं होतं, पण ती लहानपणापासून नाटकं पाहत आलेली पोर, तिलाही ते वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भोंगा फिरू लागला. “रसिक मायबापहो! येत्या शनिवारी! भर दुपारी! बेहडटोल्याच्या शाळेच्या भव्य पटांगणात! आमदाराले पत्र! आमदाराले पत्र! शाळेवर देखरेख कोणाची? पोरांचा वाली कोण? हसवणारं, रडवणारं, आमदाराले पत्र! एकेका घरानं लिहा, आमदाराले जागं करा!”

लोकांनी विचारलं, हिरोईन कोण आहे? मुखरू म्हणाला, आमची संघप्रिया. विनोदी पात्र आहे का? ओरडण्याच्या भरात मुखरू म्हणाला, भरपूर.

आमच्याकडे नाटक म्हटलं की नुसतं नाटक नसतं. गावात प्रयोग असला की लेकी माहेरी येतात, व्याही येतात, घरोघर वडे तळले जातात आणि नाटकाच्या निमित्तानं पोरी पाहून सोयरिकी जुळतात. शनिवारी सकाळपासून बेहडटोल्यात ट्रॅक्टर येऊ लागले. चटया आल्या, चिवड्याचे ठेले आले. गुणाबाईकडे तर दिव्यानीची मावशी आपल्या नणंदेला दाखवायला घेऊन आली, आणि मुलाकडचे चामोर्शीहून निघालेच होते. संघप्रिया पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन शाळेत पोचली तेव्हा पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती आणि लोक पडद्याची वाट पाहत होते.

“हे नाटक नाही,” ती म्हणाली. टाळ्या पडल्या. सुरुवात दमदार आहे असं पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला सांगितलं. तिनं देखरेख म्हणजे काय ते समजावलं. विधानसभा काय करू शकते ते सांगितलं. लोकांनी मान डोलावली, पण गाणं कधी लागतं ते पाहत राहिले. इतक्यात धनराज सरांच्या फोनमधला गजर वाजला. शनिवार होता, व्हिडिओ गेला नव्हता. सर प्रेक्षकांतून वाट काढत निघाले, पायतण काढलं आणि सरसर झाडावर चढले.

पटांगण हसून लोळलं. वरून सर ओरडले, “दिव्यानी, सुरू कर!” आणि दिव्यानीनं हातात सापडला तो चिवड्याचा कागद धरून मामाला गाडीतून आणलं. लोकांनी वन्स मोअर मागितला. तिनं आगपेटीवर वाचलं. पुन्हा वन्स मोअर. एका माणसानं वर स्वतःची चप्पल धरली, तिच्यावरूनही तिनं वाचलं. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. मुलाकडचे लोकही खुश झाले आणि नणंदेची सोयरीक तिथंच पक्की झाली. मुखरू भोंग्याशेजारी उभा होता. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या नाटकांना गर्दी जमवली होती, आणि आज गर्दी त्याच्या नातीवर हसत होती. त्याला लाज वाटली, राग आला, आणि राग कोणावर काढावा तेच कळेना.

पण लोकांनी पोस्टकार्डं लिहिली. एकही कोरं उरलं नाही. संघप्रियेनं घरी जाऊन ती वाचली आणि कपाळाला हात लावला. ‘आमदार साहेब, हे नाटक आमच्या गावात पण पाठवावे.’ ‘झाडावरच्या मास्तरचे काम एक नंबर, त्याला बक्षीस द्यावे.’ ‘दुसऱ्या अंकात लावणी टाकावी ही विनंती.’ देखरेखीबद्दल तिचं एकटीचंच पत्र होतं. तरी तिनं सगळी पेटीत टाकली. नागरिकांनी आमदाराला लिहिलेलं पत्र अडवायचा आपल्याला हक्क नाही असं ती म्हणाली. तिच्या त्या शिक्षणाला मी हात जोडतो.

आमदारांना आजवर एवढी पत्रं कधी आली नव्हती. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत निरोप आला, की साहेब दुसऱ्या प्रयोगाच्या उद्घाटनाला येतात. साहेब समोर आले तर खरं सांगता येईल, म्हणून मुखरू आणि संघप्रियाही तयार झाले. मग काय, गावानं न मागता वर्गणी देऊन मंच बांधला. मोहाच्या झाडाला झालर लागली. संध्याकाळी साहेब आले, नारळ फुटला, हार पडले. साहेब पहिल्या रांगेत बसले आणि धनराज सरांना झाडावर चढताना पाहून इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. दिव्यानीनं साहेबांच्याच निमंत्रणपत्रिकेवर मामाला आणलं. साहेब उठून टाळ्या वाजवू लागले.

प्रयोग संपल्यावर साहेब मंचावर आले. दिव्यानीला सन्मानपत्र दिलं, चौकटीत बसवलेलं, सोनेरी काठाचं. “वाचता येत नाई असा अभिनय करणं सोपं नाई,” साहेब माईकवर म्हणाले. “आता नाटक संपलं. बेटा, आता खरं वाचून दाखव. तुयं नाव लिहिलं हाय त्याच्यावर.”

लोक मामाची वाट पाहत हसायच्या तयारीत बसले. दिव्यानी सन्मानपत्राकडे पाहत राहिली. आपलं नाव त्यावर आहे हे तिला आत्ताच कळलं होतं, आणि ते कुठं आहे ते तिला खरंच पाहायचं होतं. तिचं बोट काचेवरून या टोकाकडून त्या टोकाकडे गेलं आणि परत आलं.

“मले वाचता येत नाई,” ती म्हणाली.

एवढ्या टाळ्या त्या पटांगणात कधी पडल्या नव्हत्या. साहेबांनी रुमाल काढला. “काय बोलली पोरगी,” ते म्हणाले, “काळजाले हात घातला.”

मुखरू धावत मंचावर चढला आणि त्यानं माईक हिसकावला. “रसिक मायबापहो! हे नाटक नाही! हे तुमच्या आमच्या घरातलं जळजळीत सत्य आहे!” आणि बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक हंगामात, प्रत्येक नाटकाबद्दल, प्रत्येक गावात आपण हेच ओरडलो. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. त्याच्याजवळ दुसरा आवाजच नव्हता.

त्यानं माईक बंद केला. तो मंचाच्या कडेला खाली बसला, खिशातला नवा चष्मा डोळ्यांवर चढवला, दिव्यानीला जवळ घेतलं आणि काचेवर बोट ठेवलं. “हे इथी तुयं नाव हाय, बाई. हे पह्यलं अक्षर द. याले अशी वेलांटी हाय.”

“आवाज नाई येऊन राह्यला,” मागून कोणीतरी ओरडलं.

मुखरू उठला नाही. “म्हण, दि.”

“दि,” दिव्यानी म्हणाली. आणि पुढच्या अक्षरावर अडून बसली. जोडाक्षर होतं ते. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पुढच्या रांगेतल्या बायका हसायच्या थांबल्या, मग त्यांच्या मागच्या. झाडावरून धनराज सर हळूहळू खाली उतरले आणि बुंध्याला टेकून उभे राहिले.

साहेब गळ्यात हार घेऊन तसेच उभे होते. ते मुखरूकडे वाकले. “पुढं काय हाय या नाटकात?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

“पुढं काई नाई, साहेब,” मुखरू म्हणाला. “इतकंच हाय.”

साहेबांनी पोरीकडे पाहिलं, मग तिच्या बोटाकडे. “कितवीत हाय हे?”

“चौथीत.”