मासा झाकल्यावर

सारसोळ्याच्या कोळीवाड्यात होड्यांची नावं रंगवायची ती धर्मराजनेच. नेरूळची नवी सेक्टरं उभी राहिली, तशा मेडिकलच्या, किराण्याच्या पाट्याही त्याच्याकडे येऊ लागल्या. पंचेचाळिशीचा हा माणूस अक्षर छापल्यासारखं काढायचा. पापलेट तर असं, की वाटावं आत्ता तडफडेल.

१९९६च्या हिवाळ्यात एका शाळेची पाटी रंगवताना त्याला कळलं, की तिथे संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी चित्रकलेचा वर्ग भरतो. हात आणखी सफाईदार होईल म्हणून त्याने नाव घातलं. वर्गात बँकेतले दोघे, एक नर्स आणि वाशीच्या ऑफिसात टायपिंग करणारी मी.

शिकवणाऱ्या मालतीबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ओळखू येईल असं काही काढायचं नाही. नुसता रंग लावायचा."

"मंग लोकांना कलनार कसं, काय हाय ते?" धर्मराजने विचारलं.

"नाही कळलं तरी चालेल."

त्याला ते जमेना. रंगाचा फटकारा मारला की त्याला कडा काढायची, कोपरे सरळ करायची सवय. एकदा त्याने मोठा निळा डाग लावला, थोडा वेळ अस्वस्थपणे बघितलं आणि टोकाला काळा ठिपका दिला. डोळा. लगेच मासा झाला.

बाई जवळ आल्या. ओल्या रंगाला न टेकवता त्यांनी अंगठा त्या डोळ्यावर धरला. "आता बघा."

आम्हीही मान वर करून बघितलं. मासा गेला होता. निळा मात्र उरला होता, आणि तो आत आत जात होता, तळच नसल्यासारखा. बाईंनी अंगठा उचलला, पुन्हा मासा. मग धर्मराज स्वतःच अंगठा धरून बघत राहिला. वर्ग सुटला तरी तो उठला नाही.

पुढच्या खेपेला तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. "बाई, मी ल्हान व्हतो तवा बापासंगं होडीत गेलो. खाडीत धुकं परलं. होडीच्या दुसऱ्या टोकाला बाप बसलेला, पन मना दिसंना. नुसता आवाज यायचा. ते काढू?"

"होडी नको, बाप नको," बाई म्हणाल्या. "बाकी जे राहतं ते लावा."

तो पांढरा लावायचा, फडक्याने पुसायचा, राखाडी लावायचा, पुन्हा पुसायचा. कुठेतरी पिवळसर झाक येऊन गेली. आम्ही आपापले ब्रश खाली ठेवून त्याच्याकडे बघत होतो. अचानक तो दोन पावलं मागे सरला आणि बाकाची कड धरून उभा राहिला.

"बाई, ह्ये मी केलं नाय."

"मग कोणी केलं?"

"ठाव नाय. मी नुसता पुसत व्हतो."

मार्चमध्ये शाळेच्या व्हरांड्यात आमची चित्रं लागली. बघायला आलेला एक जण म्हणाला, "उलटं तर नाही ना टांगलं?" धर्मराजही हसला. त्याची बायको मात्र त्याच्या त्या पांढऱ्या-राखाडी चित्रासमोर उभी होती. ऊन रणरणत होतं, आणि तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला.

"काय गो?"

"मना थंडी वाजते," ती हलक्या आवाजात म्हणाली.

धर्मराज तिच्याकडे बघतच राहिला. धुक्याची गोष्ट त्याने घरी कधीच सांगितली नव्हती. तिथेच, व्हरांड्याच्या पायरीवर बसून, त्याने ती पहिल्यांदा तिला सांगितली.

वर्षभराने मालतीबाई लेकीकडे पुण्याला गेल्या आणि वर्ग बंद पडला. धर्मराज थांबला नाही. दिवसा पाट्या, रविवारी वरच्या खोलीत कॅनव्हास. दोन वर्षांनी मी सारसोळ्याला गेले, तेव्हा भिंतीवरच्या चित्रांत ओळखू येईल अशी एकही वस्तू नव्हती. खोलीत शिरल्याबरोबर माझा आवाज आपोआप खाली आला.

तो कोऱ्या कॅनव्हाससमोर उभा होता, ब्रश हातात.

"पाटी रंगवताना हात कधी हालला नाय," तो म्हणाला. "हितं दर बारीला हालतो. बग."