मेश्रामकाकांचं बुडालेलं जहाज

मेश्रामकाका मला पहिल्यांदा दिसले ते दुसऱ्यांचे बूट उचलताना.

२००३ सालचा डिसेंबर होता. जर्सी सिटीतल्या एका अपार्टमेंटमध्ये आपल्या लोकांची बुद्धवंदना होती. मी मास्टर्स करायला आलो त्याला चार महिने झाले होते. आत गर्दी, दाराशी बर्फाने भिजलेल्या बुटांचा हा ढीग. त्या ढिगासमोर पन्नाशीचा एक माणूस उकिडवा बसलेला, अंगात चांगला लोकरीचा कोट, आणि तो एकेक बूट उचलून भिंतीकडेला लावत होता.

माझं डोकंच फिरलं. कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचो. कुणी कुणाच्या चपलांना हात लावायचा, ही आमच्या बापजाद्यांसाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. इतक्या दूर येऊन, इतकं शिकून, हा माणूस हेच करतो? मी तिथेच विचारलं, काका, लोकांच्या चपला का उचलता?

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "चपला नाही उचलून राहिलो बे. वाट मोकळी करून राहिलो. आतमधी चाळीस माणसं आहेत. आग लागली तर या ढिगावर पडून मरतील."

मग उठले, दार दोनदा उघडून-मिटून पाहिलं, हात धुतले आणि वंदनेला बसले. कुठल्याही घरी, कुठल्याही हॉलमध्ये ते हेच करायचे. आधी दार, मग जयभीम.

काका मूळचे नागपूरचे. इमारतीला आग लागली तर छतातून पाणी कुठे आणि किती पडेल, त्याचे नळ आखायचं त्यांचं काम. एकटे राहायचे. घरात एका भिंतीवर बुद्ध आणि समोरच्या भिंतीवर टायटॅनिक. जहाजाचा फोटो नव्हे, उभा छेद. कुठला जिना कुठे जातो, कुठल्या वर्गाची माणसं कुठे झोपायची, सगळं दाखवणारा मोठा नकाशा. जेवायला बसलं की समोर तो. त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवणाऱ्या प्रत्येकाला वरणाची वाटी पुढे सरकवत ते विचारायचे, "सांग बरं, हे काऊन बुडालं?"

सगळे सांगायचे, हिमनगावर आपटलं. मीही तेच सांगितलं.

"हिमनगानं भोक पाडलं," काका म्हणाले. "माणसं वेगळ्या कारणानं मेली."

मग ते सांगत बसायचे. पुढे बर्फ आहे असे निरोप दुसऱ्या जहाजांनी बिनतारी यंत्रावरून पाठवले होते. वेग काही कमी झाला नाही. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटा कच्च्या होत्या, असंही काही जाणकार म्हणतात. जहाजाच्या पोटात पाणी अडवायला भिंती होत्या, पण त्या पुरेशा वरपर्यंत नेल्याच नव्हत्या. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे नळाखाली तिरका धरावा, तसा एक कप्पा भरला की पाणी पुढच्यात. बुडायला अडीच तासांहून जास्त लागले. तेवढ्यात सगळी वाचली असती, पण होड्या साधारण निम्म्या माणसांपुरत्याच.

"आणि गंमत म्हणजे," काका बोट उगारून म्हणायचे, "कायद्यानं मागितल्या त्याच्यापेक्षा जास्त होत्या. कायदाच जुना, लहान जहाजांच्या जमान्यातला. म्हणजे ते कायदा पाळून बुडालं."

हे वाक्य बोलताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की हसता यायचं नाही.

मी अर्थातच तिसऱ्या वर्गाचं काढायचो. तळातली गरीब माणसं सर्वांत जास्त मेली, हे मुद्दाम केलं, हा खून आहे. काका ऐकून घ्यायचे. एकदा त्यांनी मला नकाशासमोर उभं केलं आणि तळातल्या खोलीवर बोट ठेवून म्हणाले, इथून होड्यांपर्यंत पोहोचून दाखव. मी भलत्याच जिन्याने गेलो आणि अडकलो. दुसऱ्यांदाही अडकलो.

"तू इंजिनियर," ते म्हणाले. "दिवा चालू आहे, पोट भरलेलं आहे, तरी सापडत नाही. गरिबाला दरवेळी कोणी मुद्दाम मारत नाही, पोरा. त्याची वाट कोणी आखत नाही, बस."

आणखी एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. पहिल्या होड्या अर्ध्या रिकाम्या गेल्या. जागा होती, पण जहाज बुडेल हे कुणाला खरंच वाटेना, कुणाला सवयच नव्हती. "नुसतं दार असून भागत नाही. दाराकडे जायची सवय लागते."

२००५ च्या हिवाळ्यात अमोल आला. अकोल्याचा, कॉलेजात मला दोन वर्षं ज्युनियर. त्याला स्वतःच्या कंपनीच्या व्हिसावर आणणारा गृहस्थ आपल्याच मराठी लोकांतला, सगळे त्याला भाऊ म्हणत. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसणारा. पोरं आणायची, प्रोजेक्ट मिळेपर्यंत स्वतःच्या घराच्या बेसमेंटमध्ये ठेवायची आणि त्याला गेस्ट हाउस म्हणायचं. मी आणि काका अमोलला भेटायला गेलो. खाली सहा पोरं, जमिनीवर गाद्या, कोपऱ्यात एक लाल तापलेला हीटर. एकच खिडकी, तिला बाहेरून लोखंडी गज. एकच दार, आत उघडणारं. आणि दारामागे, अर्थात, बुटांचा ढीग.

काका खाली बसले आणि बूट लावू लागले. पोरं ओशाळली, नको नको म्हणू लागली. अमोल म्हणाला, काका, राहू द्या ना यार, मी करतो.

"रोज करशील?"

तो हसला. गोड हसायचा तो.

वर जाऊन काकांनी भाऊंना शांतपणे सांगितलं. खिडकीचे गज काढा, दुसरी वाट करा, नाहीतर इथे माणसं झोपवू नका. भाऊ चहा पीत होते. म्हणाले, अहो काका, घरात सत्यनारायण झालाय परवाच, जरा शुभ बोला. मग सोफ्यावरच्या मित्राकडे बघून, "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!" दोघं हसले. काका हलले नाहीत, तेव्हा भाऊंनी कप खाली ठेवला. "आणि चपलांचं म्हणाल, तर ते खातं तुमच्याकडेच ठेवू. तुम्हाला सवय आहे."

मी पुढे झालो होतो. काकांनी माझा दंड धरला. इतक्या जोरात की दुसऱ्या दिवशी वळ होता.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, उद्याच शहराच्या ऑफिसात तक्रार करतो आणि पत्रक काढतो, नावानिशी. काका म्हणाले, तक्रार करूच, पण आधी पोरांना विचारू. पोरांना विचारलं तर सगळ्यांचे चेहरे पांढरे. घर बंद झालं तर या थंडीत जायचं कुठे? व्हिसा भाऊंच्या हातात. अमोलच्या बहिणीचं लग्न ठरलेलं. तो काकांना म्हणाला, "काका, दोन महिने थांबा. प्रोजेक्ट लागला की मी स्वतः तुमच्यासोबत येतो तक्रारीला. आत्ता नका करू, पाया पडतो."

काका थांबले.

मी त्यांच्यावर प्रेम केलं, आजही करतो, पण हे लिहायलाच हवं: काका चुकले. मी तेव्हाही तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "ज्याचा जीव त्याला विचारल्याशिवाय त्याचं भलं करणारे लय पाहिले मी." ते खोटं नव्हतं. तरीही ते चुकले.

मग ते दर रविवारी तिथे जाऊ लागले. बूट बाजूला लावायचे, हीटरजवळच्या गाद्या ओढायचे आणि पोरांकडून सराव करून घ्यायचे. डोळे मिटा, गुडघ्यावर बसा, भिंतीला हात लावत दाराकडे चला. पोरं लुंगीवर, खिदळत, एकमेकांचे पाय ओढत रांगायची. अमोल काकांची नक्कल करायचा, "सांग बरं, काऊन बुडालं?" काकासुद्धा हसायचे. दोन दिवसांनी ढीग पुन्हा तिथेच.

फेब्रुवारीत मोठा बर्फ पडला. रस्ते बंद, त्या रविवारी काका जाऊ शकले नाहीत. सोमवारी सकाळीही रस्ते बंद म्हणून सगळी पोरं घरातच होती, आणखी दोन नवीन आलेली. हीटरजवळची गादी पेटली. धूर एवढा की हात दिसेना. पोरं रांगत, भिंत धरत दाराकडे गेली. शिकवल्यासारखी. एकामागून एक बाहेर पडली. या धडपडीत बुटांचा ढीग पसरला, दार लोटलं गेलं आणि पुन्हा उघडेना. अमोल सगळ्यात मागे होता. तो दाराच्या आतल्या बाजूला सापडला. दाराखाली एक बूट पाचरीसारखा अडकला होता.

शोकसभेला मंडळाने हॉल घेतला. भाऊ आले, पांढरा सदरा घालून. बोललेही. म्हणाले, अमोल माझ्या धाकट्या भावासारखा, हीटर चालू ठेवू नका असं मी किती वेळा सांगितलं होतं, पण तरुण मुलं, आणि शेवटी विधिलिखित. लोक माना हलवत होते. बघता बघता दोष मेलेल्याचा झाला.

काका उठले. माइक घेतला नाही.

"जहाज बुडालं तेव्हा लोक हिमनगाला बोल लावत होते. हिमनगाला बोल लावणं सोपं, तो चौकशीला येत नाही. अमोलही येऊ शकत नाही. मी येऊ शकतो. गज मी पाहिले होते, दार मी पाहिलं होतं, आणि मी गप्प राहिलो. मी हे जिथे सांगायचं तिथे सांगणार आहे."

काका दाराकडे गेले. भाऊ उशिरा आले होते, त्यांचे बूट बरोबर उंबऱ्यात होते. काकांनी ते उचलले आणि भिंतीकडेला ठेवले. मी दात खाऊन म्हणालो, त्याचे बूट? त्याचे सुद्धा?

"त्यालाही इथूनच बाहेर पडायचं आहे," काका म्हणाले.

वाचलेल्या पोरांपैकी कोर्टात साक्षीला कुणीच आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. दोष कुणाचा ते मला नीट माहीत आहे. काका एकटे गेले. भाऊंच्या वकिलाने तोंडभर हसून विचारलं, आपण इन्स्पेक्टर नाही, भाडेकरू नाही, नातेवाईक नाही. मग दर रविवारी त्या घरात आपण नेमकं काय करत होतात?

काकांनी इंग्रजीत, शाळेतल्या मुलासारखं स्पष्ट सांगितलं, "मी बूट बाजूला करत होतो."

वकील खाली बसला.

शेवटी काय झालं? दंड झाला. ते घर बंद झालं. वर्षभरात भाऊंनी दुसऱ्या गावात, बायकोच्या नावाने, दुसरं गेस्ट हाउस उघडलं. मंडळाने काकांना बोलावणं सोडलं. जहाजानंतर निदान प्रत्येक माणसाला होडीत जागा द्यायचा नियम झाला, बिनतारी यंत्रावर चोवीस तास माणूस बसू लागला, बर्फावर पहारा लागला. आमच्याकडे अमोलच्या नावाने एक क्रिकेट ट्रॉफी सुरू झाली. भाऊंनी दिली.

काका २००७ मध्ये नागपूरला परत गेले. निघताना भिंतीवरचा नकाशा काढून गुंडाळी करून मला दिला. म्हणाले, "आता लिही तुझं पत्रक. शिव्या खाली घाल, लागतील तेवढ्या घाल. पण पहिल्या ओळीत दार लिही." दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ते गेले. झोपेत, असं त्यांच्या पुतण्याने फोनवर सांगितलं.

पत्रक मी लिहिलं. दर ऑगस्टला नवीन पोरं येतात, तेव्हा त्यांच्या खोल्यांवर जाऊन वाटतो. वर कुठलीही घोषणा नाही. पहिली ओळ अशी आहे: तुमच्या खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडतं?

परवा एकाने ते वाचलं आणि हसला. म्हणाला, "काय यार दादा, आजच आलोय, जरा शुभ बोल ना."

बोल, म्हटलं, तूच बोल काहीतरी शुभ. आणि तो बोलत होता तोवर मी खाली बसून त्याचे बूट दारातून बाजूला केले.