जळती गाडी पुढच्या गावात

मी गाडीला किल्ली लावली तसे आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका चार पावलं मागे सरकले.

"मॅडम, जपून हां. परवाच मालेगावला एक पेटली." त्यांनी मोबाइल पुढे केला. पुलावर निळी इलेक्ट्रिक स्कूटर धडधडा जळते आहे आणि हिरव्या साडीतली एक बाई किंचाळते आहे. माझीही गाडी निळी आणि इलेक्ट्रिकच. निघताना काय हा शकुन!

मी निघाले होते नाशिकहून नामपूरला, माहेरी. निवृत्त झाल्यापासून माझी गाडी जिन्याखाली नुसती उभी. तिकडे भाची सुजाताला आडवळणाच्या एका गावी आरोग्य उपकेंद्रात नर्सची नोकरी लागलेली. एसटीचा भरवसा नाही. सोमवारी हजर झाली नाही तर नोकरी जायची. म्हणून गाडी तिला द्यायचं ठरवलं, तर तिचा बाप, माझा धाकटा भाऊ भीमा, फोनवर म्हणाला, "ताई, पोर घरी बसली तरी चालेल, पण तो बॉम्ब माझ्या दारात नको." तोही तोच व्हिडिओ बघत होता. टीव्हीवाल्यांनी त्यावर लाल गोल काढून, भेसूर संगीत लावून तो दिवसभर फिरवला होता. म्हटलं, थांब, चालवतच आणते. मग बोल.

नाशिकातच द्वारकेचा चौक ओलांडताना ट्रक, बस, रिक्षा असे सगळे एकदम अंगावर आले. एकाने तर माझा आरसाच वाकवला. जीव मुठीत धरून पलीकडे गेले. याचा व्हिडिओ मात्र कुणी काढत नाही.

पुढे द्राक्षबागांमध्ये छाटणी चालली होती. पिंपळगावला चहाला थांबले. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ गाडीकडे बघत म्हणाले, "कालच द्वारकेला पेटली ना अशी?" आणि पुन्हा तोच पूल, तीच हिरवी साडी.

"अहो, मी द्वारकेहूनच येते आहे."

"मग तुमी निघाल्यावर पेटली असंल," ते शांतपणे म्हणाले. कपाळ! हसले आणि निघाले.

देवळ्याला बॅटरी उतरली. तिथल्या एका लॉजच्या मॅनेजरने चार्जिंगला साफ नकार दिला. म्हणे, आजच सकाळी पिंपळगावला एक पेटली. जिथं जावं तिथं ती गाडी मागच्या नाहीतर पुढच्या गावात जळत होती.

ऊन चढलेलं. गाडी ढकलत एका पिठाच्या गिरणीपाशी आले. गिरणीवाल्या हौसाबाईंनी मला पाणी दिलं आणि सरळच सांगितलं, "म्या बी पाह्यलाय व्हिडिओ. लय भ्या वाटतं. पण तुमाला काय रस्त्यावर उभं ठिवू? गाडी तिकडं लिंबाखाली लावा, पिठापासून लांब." त्यांनी स्वतः वायर ओढून दिली. ठेचा-भाकरी वाढली, झाडाखालीच, गाडीपासून जरा अंतरावर शेगडी मांडून मक्याची कणसं भाजली. भीती वाटत असूनही दार उघडणाऱ्या त्या बाईंचे आभार मी कोणत्या शब्दांत मानू?

कणसं झाल्यावर त्यांनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं. भस्सकन धूर उठला आणि गाडी त्यात वेढली गेली. नेमकी तेव्हाच एक जीप हळू झाली, खिडकीतून कुणीतरी मोबाइल धरला. वाटलं, कणसाच्या वासाने थांबले असतील. मी हातसुद्धा हलवला.

सटाणा मागे पडलं. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवीगार रोपं, लांबवर डोंगर. खूप दिवसांनी मी गुणगुणत होते. नामपूर जवळ आलं तोच समोरून एक पिकअप भरधाव आली आणि करकचून ब्रेक लावून थांबली. भीमाने खाली उडी मारली. एरवी जय भीम केल्याशिवाय तोंड न उघडणारा माझा भाऊ मला नुसता चाचपत होता.

"तुले काही लागनं का वं?" (तुला काही लागलं का गं?)

मागे ओली घोंगडी आणि वाळूची पोती. सुजाता रडून लाल झालेली. तिने मोबाइल दाखवला. कडुलिंबाचं झाड, धूर, धुरातली निळी गाडी, मी. वर मथळा : 'देवळ्यात ई-स्कूटर खाक, महिला गंभीर'. आणि त्याला जोडलेली किंकाळी? हिरव्या साडीतल्या बाईचीच! माझा फोन डिकीत, आवाज बंद. फोन करकरून घरच्यांचा जीव अर्धा झाला होता.

मला हसू यायला हवं होतं, आलं रडू. ज्या गाडीला हा दारात घेत नव्हता, ती पेटलीय असं समजून हा तिच्याकडेच धावत निघाला होता.

रविवारभर भीमा गाडीभोवती फिरत होता. मी धुराची कथा सांगितली तेव्हा आधी चिडला, मग पोट धरून हसला. शेवटी अटी घातल्या : चार्जिंग उघड्या अंगणात, कांदे साठवलेल्या चाळीपासून लांब, आणि घरात कुणी जागं असतानाच. मी लगेच कबूल केलं. एवढी काळजी रास्तच होती; हौसाबाईंनीही तेच केलं होतं. सोमवारी सुजाता निघाली तेव्हा त्याने तिच्या पायाशी वाळूची पिशवी ठेवली, आणि ती वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला.

मी परतीची एसटी धरली. शेजारच्या बाईंनी थोड्या वेळाने मोबाइलवर देवळ्याचा तोच व्हिडिओ दाखवला. "बघा ना, बिचारी गेली म्हणं."

"अहो, तीच मी!"

त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "मेलेल्या माणसाची चेष्टा करू नये, ताई." आणि पदराने डोळे पुसले. माझ्यासाठी एक अनोळखी बाई रडत होती. वाद घालायचं माझ्या जिवावर आलं. मी त्यांना खिडकीची जागा दिली.

इतक्यात सुजाताने व्हिडिओ पाठवला. उपकेंद्राची पायरी, पुढे निळी गाडी, शेजारी ती. "फुई (आत्या), पोचले. वाळू सगळी वाटेत सांडली!"

मी तो कौतुकाने बाईंपुढे धरला. त्या काहीतरी घडायची वाट बघत राहिल्या, संपल्यावर म्हणाल्या, "यात काय हाय? पोरगी नुसती उभी हाय."

"हो ना," मी म्हटलं, आणि नाशिक येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा बघत राहिले.