कडू लागतंय

गेल्या वर्षी तापातून उठल्यावर माझ्या थोरल्या बहिणीची, सुमनताईची, चव गेली. तीन महिने ती नुसती पोट भरायचं म्हणून जेवत होती. एके दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉफीच्या गोळ्यांचं पाकीट आणलं. गोळ्या इंडोनेशियाहून आलेल्या, पण अगदी स्वस्तातल्या. एक मी तोंडात टाकली आणि सवयीने एक तिच्या हातावर ठेवली.

"मला काय कळणार आहे?" म्हणत तिने ती गालात धरली. थोड्या वेळाने तिचं विणकाम थांबलं.

"अगं, कडू लागतंय," ती हळूच म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "आता मागून गोडही येतंय."

माझ्याही जिभेवर तोच कडूपणा, तोच जळक्या साखरेचा गोडवा उतरत होता. इतकी साधी चव मला एकदम केवढी मोठी वाटली. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा डोंगरावर कुणीतरी कॉफीची फळं तोडली होती. त्या माणसाला आम्ही ठाऊकही नव्हतो, आणि इथे माझी बहीण डोळे मिटून रडत होती.

गोळी विरघळून गेली तरी तिने कितीतरी वेळ तोंड उघडलं नाही. उघडलं तर चव निघून जाईल, असं तिला वाटत असावं.