पंपाच्या बॉडीतलं मेण

ब्लो-लॅम्पची आच लागली तसा पंपाच्या बॉडीवरचा रंग फुगला आणि खालून काळपट मेण ओघळलं. शेजारी इंदापूरचे नाना उभे होते. माल त्यांच्याच फाउंड्रीतला. मी बारामतीच्या एका पंप कंपनीत क्वालिटी इन्चार्ज.

ओतकामात हवा अडकली की लोखंडात पोकळी राहते. तिला आम्ही ब्लोहोल म्हणतो. तिच्यात मेण आणि लोखंडाचा कीस भरून वर रंग मारला, की बघणाऱ्याला काही कळत नाही. कळतं ते शेतकऱ्याला, पंप गळायला लागल्यावर.

“नाना, हे काय?”

“म्याच भरलं, मॅडम. माल वेळंवर द्यायचा हुता.”

मला संताप आला. थाप मारली नाही म्हणून जरा कमी आला, इतकंच.

तेवढ्यात प्लँट हेड साहेब आले. गेटवर लावायचा क्वालिटी वीकचा फ्लेक्स छापून तयार होता: ‘सिन्सिअर म्हणजे मेणाविना!’ लॅटिनमध्ये ‘सिने’ म्हणजे विना, ‘सेरा’ म्हणजे मेण. रोमन मूर्तिकार दगडाच्या भेगा मेणाने बुजवायचे, प्रामाणिक असायचा तो बुजवायचा नाही, अशी खाली गोष्ट.

साहेब खूश. “हाच पीस फ्लेक्सखाली ठेवा. नानांच्या नावासकट.”

नानांचा चेहरा उतरला. आमच्या गेटवर सगळ्या कंपन्यांचे सप्लायर येतात. तिथे नाव लागलं असतं, तर त्यांना पुन्हा कुणी काम दिलं नसतं.

फ्लेक्सचा मजकूर तपासताना मी शब्दकोश पाहिला होता. म्हटलं, “साहेब, मेणाची गोष्ट खरी नाही. मूळ शब्द ‘सिन्सेरुस’. म्हणजे शुद्ध, निर्भेळ. मेण मागून कुणीतरी चिकटवलंय.”

“असू दे हो. बसते किती छान!”

“नानांचा रंगही छानच बसला होता.”

साहेबांनी ओघळलेल्या मेणाकडे पाहिलं. मग म्हणाले, “फ्लेक्स लावू नका. माल सगळा परत. पुढचा बिनरंगाचा मागवा.”

पुढचा लॉट बिनरंगाचा आला. ब्लोहोल होते तिथे नानांनी स्वतःच खडूने गोल केले होते. मी ते सगळे पीस बाजूला काढले.

“खरं सांगून बी रिजेक्टच व्हय, मॅडम?”

“पीस रिजेक्ट, नाना. तुम्ही नाही.”

रिजेक्ट पीस टेम्पोत चढवायला मात्र नानांनी मलाच हात लावायला लावला.