अप्पांनी काढून टाकलेला आवाज

लातूरहून महादेवीवहिनींचा फोन आला. "ताई, अप्पा गेले..." एवढंच बोलून त्या थांबल्या. नांदेडहून मी पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. त्याला आता महिना उलटून गेला, पण त्या फोनमधली शांतता अजून माझ्या कानातून गेलेली नाही.

मन्मथअप्पा, महादेवीवहिनींचे यजमान, चित्रपटांचं ध्वनिमुद्रण करायचे. घराणं लातूरच्या पेठेतलं, पिढीजात दुकानदार. हे एकटेच कानाच्या नादानं बाहेर पडलेले. आमची ओळख बहात्तरच्या दुष्काळात झाली. मी नांदेडला नाटकांतून कामं करायचे, आणि मुखेडजवळच्या एका खेड्यात चित्रपट होणार होता, त्यात मला आईची भूमिका मिळाली. विषय दुष्काळाचाच. संवाद मागाहून न भरता जागेवरच टिपायचे, असा दिग्दर्शकाचा हट्ट होता. त्यामुळे अप्पांचा जीव सदा टांगणीला. माणसाचं शरीर किती बोलतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. गुडघा कडकन वाजतो, नाकात शीळ घुमते, कोरड्या तोंडात जीभ टाळूला चिकटून सुटते तेव्हा 'टच्' होतं. "ताई, खोकायचं ते आत्ताच खोकून घ्या, अन् घोटभर पाणी प्या," असं म्हणत ते स्वतः तांब्या पुढं करायचे. गावाची विहीर आटलेली. आमच्यासाठी पाणी टँकरनं यायचं, आणि मी पिताना भोवतीची माणसं तांब्याकडं बघत राहायची.

त्या दिवशी मुख्य प्रसंग होता. घरातली शेवटची भाकरी मी मुलांना वाटून देते आणि भिंतीला टेकून बसते. संवाद एकही नाही. मागं गावातल्याच बाया बसवल्या होत्या. कॅमेरा सुरू झाला आणि अप्पांनी हात वर केला. "थांबा... कुणाचं तरी पोट वाजायलंय." पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. माझं नव्हतं, मी सकाळी पोटभर उपीट खाऊन बसले होते. कानाला यंत्र लावून अप्पा बायांच्या रांगेतून हळूहळू फिरले आणि गंगाबाईपाशी थांबले. वाळलेली, चाळिशीची बाई. तिनं पदर तोंडावर घेतला. "म्या काय करू, साहेब? लई दाबून धरलं, पर न्हाई ऐकत ते." सगळे हसले. तीही हसली.

"मावशी, जरा तिकडं लिंबाखाली बसता का?" अप्पा अगदी मऊ बोलले होते. ती उठली, लुगडं झटकलं आणि गेली. प्रसंग पहिल्याच झटक्यात मिळाला.

गावकऱ्यांचं जेवण काम आटोपल्यावर असायचं. पंगत बसली तेव्हा अप्पांनी लिंबाखाली पाहिलं, तर तिथं कुणी नव्हतं. "तिला वाटलं, तिला हाकलून लावलं," शेजारची बाई म्हणाली. भाकरी-पिठलं फडक्यात बांधून अप्पा तिच्या घरी गेले. दाराला कडी होती. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. मग आमचा मुक्काम हलला. पुढं पाऊसपाणी झाल्यावर ते एसटीनं मुद्दाम त्या गावी जाऊन आले. "निजामाबादकडं गेली म्हणत्यात," यापलीकडं कुणाला काही सांगता आलं नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला. त्या नवलाईत गावात कार्यक्रमांची रेलचेल होती आणि त्यातच आमचा चित्रपट दाखवला. भाकरीचा प्रसंग आला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "काय शांतता आहे हो!" आणि माझ्या शेजारी बसलेले अप्पा ताडकन उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. ते भिंतीला हात लावून उभे होते.

"ताई, तुम्हाला आलं का ऐकू?"

"काय, अप्पा?"

"तिचं पोट... म्या तर ते येऊच दिलं नव्हतं."

त्यानंतर कुठंही काम असो, गर्दीतल्या माणसांना आधी जेवू घातल्याशिवाय त्यांनी यंत्र सुरू केलं नाही. निर्माते वैतागले, कामं हातची गेली. हे बदलले नाहीत. म्हातारपणी ऐकायला येईना. तेव्हा एकदा मला म्हणाले होते, "बाहेरचं समदं बंद झालं, ताई. आतलं तेवढं चालू हाय."

परवा लातूरला गेले होते. वहिनींनी जेवू घातलं. त्या घरात वावरायची एक तऱ्हा आहे. खुर्च्यांच्या पायांना कापड गुंडाळलेलं, दाराच्या कडीला चिंधी, चौकटीला आतून जाड लोकरीच्या नमद्याची पट्टी. सगळं अप्पांच्या हातचं. वहिनी अजूनही भांडं खाली ठेवतात ते बोटांवर पेलून, अलगद. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्या आत वळल्या. मी पायऱ्या उतरले. कडी वाजलीच नाही... दार लागलं की उघडंच आहे, हे बघायला मला मागं वळावं लागलं.